दार उघडं आहे, सगळं जोडून

"तुमच्या रूटरला तीन उपकरणं जोडलेली दिसतायत, सर," हेल्पलाइनवरच्या बाई म्हणाल्या.

"मोजायला चुकलात," मी म्हणालो. "दोन आहेत."

"तीनच आहेत, सर."

"बाई, मी एकटा राहतो. घरात एक कॉम्प्युटर आहे, एक फोन आहे. तिसरं काय, माझा चष्मा?"

त्या हसल्या नाहीत. त्यांच्या नोकरीत हसायची मुभा नसावी. त्यांनी शांतपणे सांगितलं, की मग दुसरं कोणीतरी तुमचं नेट वापरतंय, म्हणूनच ते हळू चालतंय. शिवाय रूटर फार जुना झालाय, कंपनीने त्याच्याकडे बघणं केव्हाच सोडलंय, त्याचं कुलूप आता कच्चं समजतात. नवा घ्या आणि पासवर्ड बदला.

मी फोन ठेवला आणि घरभर दोनदा फिरलो. चाळीस वर्षं मी छापखान्यात प्रूफं तपासली आहेत. दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरलं म्हणा ना. सवय अशी हाडात मुरलीय की लिफ्टमधली सूचना वाचतानासुद्धा हात खिशातल्या लाल पेनाकडे जातो. आणि माझ्याच घरात कोणीतरी बिनदिक्कत शिरून बसलं होतं, किती वर्षं कोण जाणे, आणि मला त्याचा पत्ता नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

जुना रूटर बायकोने आणलेला. तो तिनेच लावला, स्वयंपाकघरातल्या फळीवर, बाजूच्या फ्लॅटच्या भिंतीला अगदी खेटून. मी म्हणालो होतो, "अगं, घराच्या मधोमध ठेव, इथं काय भिंतीला इंटरनेट पाजायचंय?" त्यावर तिने नेहमीसारखं लक्ष दिलं नाही. मग मी विचारलं, "पासवर्ड काय ठेवलास?"

"दार उघडं आहे."

"लावतो नंतर. आधी पासवर्ड सांग."

"अहो, तोच पासवर्ड आहे! दार उघडं आहे. सगळं जोडून."

ती पोट धरधरून हसली होती. ते वाक्य तिचं कायमचं होतं. घंटी वाजली की जागची उठायची नाही, तिथूनच ओरडायची, "दार उघडं आहे!" आणि ते खरंच उघडं असायचं. मी कडी लावणारा, ती काढणारी, असा आमचा पस्तीस वर्षांचा संसार. पासवर्ड तिनेच माझ्या फोनमध्ये घातला, इंग्रजी अक्षरांत, आणि मी तो पुन्हा कधी पाहिला नाही.

ती जाऊन सोळा महिने झाले. आता कडी लावलेलीच असते.

या सोळा महिन्यांत माझ्या घरात माणसाचा आवाज म्हणजे एकच, आणि तोही भिंतीपलीकडून येणारा. शेजारच्या फ्लॅटमध्ये एक बाई राहतात. टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या, माझ्यासारख्याच एकट्या. बायकोने त्यांचं नाव ठेवलं होतं हॅलोबाई, कारण रोज संध्याकाळी साडेसहाला त्यांचा खणखणीत आवाज भिंतीतून यायचा, "हॅलो, ताई, ऐकू येतंय का?" त्यांची थोरली बहीण लांबच्या एका वृद्धाश्रमात असते, कानाने अधू. तिथे साडेसहाला तिच्या हातात अर्धा तास टॅब देतात. मग त्या दोघींचं सुरू होतं. शब्द कळत नाहीत. फक्त सुरुवातीचं ते वाक्य स्पष्ट ऐकू येतं, आणि मधूनमधून हसणं.

मी साडेसहालाच जेवायला बसतो. डॉक्टरांनी लवकर जेवायला सांगितलंय, असं मी लोकांना सांगतो. डॉक्टरांनी असलं काही सांगितलेलं नाही. ताट घेऊन त्या भिंतीजवळच्या खुर्चीत बसायचं, पलीकडून "ऐकू येतंय का?" आलं, की पहिला घास घ्यायचा. एकदा माझ्या तोंडून हळूच निघून गेलं, "येतंय." मीच दचकलो. मग रोजच म्हणायला लागलो, अर्थात अगदी हळू. भिंतीलाही कान असतात म्हणतात, उगाच परीक्षा कशाला घ्या?

त्या अर्ध्या तासावर माझा सबंध दिवस टांगलेला होता. पण हे मला तेव्हा कळलेलं नव्हतं, आणि मी रूटर घ्यायला बाहेर पडलो.

जाताना यादी करून नेली होती. कुलूप नव्या पद्धतीचं हवं. कंपनीने निदान चार-पाच वर्षं तरी सुधारणा पाठवायला हव्यात. मागचं ते बटण, जे दाबलं की पासवर्डाशिवाय कोणीही जोडला जातो, ते बंद करता यायला हवं. दुकानदाराने यादी वाचली आणि बाजूला ठेवली.

"घर केवढं आहे, काका?"

"दोन खोल्या आणि स्वयंपाकघर."

"माणसं किती?"

"एक."

त्याने आठ अँटेनांचं एक धूड काउंटरवर आणून ठेवलं. उलट्या पडलेल्या झुरळासारखे त्याचे पाय वर होते. "हे घ्या. तीन मजले आरामात कव्हर होतात."

"बाकीच्या दोन मजल्यांवर माझं कोणी नाही," मी म्हणालो.

शेवटी दोन अँटेनांचा, साधा, माझ्या यादीत बसणारा रूटर घेतला. घरी आल्यावर त्याची माहितीपुस्तिका उघडली. ती मराठीतही होती, म्हणजे छापणाऱ्याची तशी समजूत होती. पहिल्याच पानावर लिहिलं होतं, "रूटरला घराच्या मध्यभागी उंच जागी फाशी द्यावी." मी लाल पेन काढलं. बारा पानांत एकसष्ट चुका निघाल्या. त्या सगळ्या दुरुस्त केल्या आणि मगच रूटरला हात लावला. फार दिवसांनी संध्याकाळ कशी गेली ते कळलं नाही.

काम मी चोख केलं. आत शिरायचा कंपनीचा ठरीव पासवर्ड आधी बदलला. वायफायला नवं नाव दिलं. नवा पासवर्ड वीस अक्षरांचा, त्यात आकडे, चिन्हं, कशाचा कशाला मेळ नाही, तो डायरीत लिहून डायरी कपाटात ठेवली. मागचं बटण बंद केलं. "पाहुण्यांसाठी वेगळं नेटवर्क सुरू करायचं का?" असा एक प्रश्न आला. आमच्याकडे पाहुणे येत नाहीत. "नाही" केलं. रूटर झोपायच्या खोलीत, शेजारच्या भिंतीपासून जितका लांब जाईल तितका लांब ठेवला. जुन्या रूटरच्या भोकात टाचणी घालून त्याच्या पोटातलं सगळं पुसलं, कारण टाकून देण्याआधी तसं करावं असं पुस्तिकेत होतं, आणि तेवढं एक वाक्य त्यात शुद्ध होतं. माझ्या फोनमधलं जुनं नावही काढून टाकलं.

मग एक कागद घेतला आणि खाली जाऊन सूचनाफलकावर लावला.

"सूचना. या इमारतीतील एक अज्ञात इसम माझ्या वायफायचा विनापरवाना वापर करत होता. सदर वापर कायमचा बंद करण्यात आला आहे. संबंधिताने नोंद घ्यावी. तिसरा मजला, डावीकडील दार."

दोनदा तपासला. एकही चूक नव्हती.

दुसऱ्या दिवशी साडेसहाला ताट घेऊन बसलो. भिंत गप्प. पावणेसात झाले. अन्न निवत चाललं होतं. बाई कुठं बाहेर गेल्या असतील, असं म्हणून मी जेवून घेतलं. तिसऱ्या दिवशीही तेच. पावणेसहाला पलीकडून टॅब चालू केल्याची टिंगटाँग नेहमीसारखी ऐकू आली, मग दार ओढून घेतल्याचा आवाज, मग काहीच नाही. चौथ्या दिवशी मी रेडिओ लावून पाहिला. बातम्या देणाऱ्याला काही आपल्याला ऐकू येतंय की नाही याची फिकीर नसते. रेडिओ बंद केला आणि अर्धं ताट तसंच झाकून ठेवलं.

मला करमेना. एवढ्या साध्या वाक्यात सांगायला लाज वाटते, पण तेच खरं आहे. बायको गेली तेव्हा लोक होते, फोन होते, धावपळ होती. हा एकटेपणा नवा होता. यात कोणी भेटायला येत नाही, कारण कोणी गेलेलंच नसतं.

पाचव्या दिवशी खाली टपाल घ्यायला गेलो आणि फलकाकडे नजर गेली. माझ्या सूचनेवर कोणीतरी पेन्सिल चालवली होती. फक्त एका जागी. "वापर करत होता" यातला "होता"चा काना बारीक रेघेने खोडला होता आणि त्यावर सुरेख दुसरी वेलांटी काढली होती. होती.

माझं टाळकं सरकलं. इसम हा शब्द पुल्लिंगी आहे! "इसम होती" हे कोणत्या व्याकरणात बसतं? कोण हा शहाणा माझी प्रूफं तपासणारा? मी खिशातलं लाल पेन काढलंसुद्धा, आणि टोपण काढता काढता थांबलो. होती. म्हणजे बाई. टॅब. साडेसहा. भिंत.

आणि मग आठवलं. फार जुनी गोष्ट नव्हे, तीनेक वर्षांपूर्वीची. मी टेबलाशी प्रूफं घेऊन बसलेलो, बायको भाजी निवडत सांगत होती, "अहो, पलीकडच्या बाईंना मी आपलं वायफाय देऊन टाकलं हं. त्या नकोच म्हणत होत्या. पण अर्धा तास बहिणीशी बोलायला त्यांनी वेगळी जोडणी कशाला घ्यायची? भिंत तर एकच आहे."

मी "हं" म्हणालो होतो. माझं लक्ष एका चुकलेल्या अनुस्वारात होतं. परवाना तर दिलेला होता, मीच दिला होता, "हं" म्हणून.

त्या संध्याकाळी सहाच्या सुमाराला मी हॅलोबाईंच्या मागोमाग उतरलो. कोणाचा पाठलाग करायची माझी ही पहिलीच वेळ, त्यामुळे मी फारच सावकाश चालत होतो. त्या समोरच्या कपडे धुण्याच्या दुकानात शिरल्या. तिथे गिऱ्हाइकांना वायफाय फुकट असतं. काचेतून मला दिसत होतं, की त्या दोन घरघरत्या मशीनांच्या मधल्या बाकावर बसल्यात, मांडीवर टॅब, शेजारी नावाला एक टॉवेल धुवायला आणलेला. त्यांचा आवाज बाहेर रस्त्यावर ऐकू येत होता. "मशीन आहे, ताई! मशीनचा आवाज! नाही, नाही, पाऊस नाही, मशीन!" कोणीतरी वळून त्यांच्याकडे पाहिलं. त्या आणखी वाकून टॅबच्या जवळ गेल्या. सहा मिनिटांत त्यांनी हात हलवून निरोप घेतला. अर्ध्या तासाची सहा मिनिटं झाली होती, आणि ती मी केली होती.

सूचना मी त्याच पावली फाडून टाकली. मग घरी जाऊन डायरीतला वीस अक्षरी पासवर्ड एका चिठ्ठीवर स्वच्छ अक्षरात उतरवला आणि शेजारची घंटी वाजवली. दार साखळीएवढं उघडलं.

"हे तुमच्यासाठी," मी चिठ्ठी पुढे केली. "गैरसमज झाला होता."

"कोणाचा?" त्यांनी विचारलं.

इथे "माझा" एवढं म्हणायचं होतं. दोन अक्षरं, एकही जोडाक्षर नाही. ती काही माझ्या तोंडून निघाली नाहीत. मी म्हणालो, "झाला होता एवढं खरं."

"राहू द्या," हॅलोबाई म्हणाल्या. "तुमच्या मिसेसनी मला आपणहून दिलं होतं, मी मागितलं नव्हतं. त्या गेल्यावर मी दोनदा तुम्हाला सांगायला आले. दोन्ही वेळा तुम्ही कडी न काढता आतूनच विचारलंत, कोण आहे, काय काम आहे. भिंतीपलीकडची आहे, काम काही नाही, असं कसं सांगणार? मी परत गेले. आता मला चोरीचा माल नको. दुकानात छान चालतं माझं."

दार लागलं. चिठ्ठी माझ्या हातातच राहिली.

त्या आता माझ्या हातून काही घेणार नाहीत, हे स्पष्ट होतं. माझं असतं तर मीही घेतलं नसतं. पण तो आवाज भिंतीत परत यायला हवा होता. तो आला नाही तर माझी उरलेली सगळी वर्षं त्या निवत्या ताटासारखी जाणार होती, हे मला आता पक्कं कळलं होतं. मी पुन्हा हेल्पलाइनला फोन लावला. त्याच बाई होत्या की दुसऱ्या, सांगता येत नाही. आवाजाची इस्त्री तीच होती.

"नव्या रूटरला जुन्याचंच नाव आणि जुनाच पासवर्ड दिला तर?" मी विचारलं.

"तर जुनी उपकरणं आपोआप जोडली जातील, सर. कोणाला काही सांगावंही लागणार नाही. पण अक्षर न् अक्षर तेच हवं. तुमचं मुख्य नेटवर्क आहे तसंच राहू द्या, हे सगळं पाहुण्यांच्या नेटवर्कला द्या, म्हणजे सुरक्षित राहील."

मी रूटर झोपायच्या खोलीतून काढून स्वयंपाकघराच्या फळीवर आणला आणि भिंतीला खेटून ठेवला. बायकोने तो इथेच का ठेवला होता ते आता कळलं. पाहुण्यांचं नेटवर्क सुरू केलं. जुनं नाव मिळणं सोपं होतं, जुन्या रूटरच्या पोटावर चिकटवलेलंच होतं आणि तिने ते बदललं नव्हतं. राहिला पासवर्ड. दार उघडं आहे, सगळं जोडून. माझ्यासारख्याला काय अवघड?

इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायला बसा म्हणजे समजेल. "दार"ला एक ए की दोन? "उघडं"च्या घनंतर ए आहे की नाही? शेवटी ए आहे की नाही? "आहे"च्या सुरुवातीला एक की दोन? आणि शेवटी नुसता ई की पुढे वायसुद्धा? कागदावर मांडणी केली तर बत्तीस शक्यता निघाल्या. हॅलोबाई टॅब दिवसभर बंद ठेवतात. पावणेसहाला चालू करतात आणि सहाच्या सुमाराला निघतात. तेवढ्या वेळात रूटर बंद-चालू करत जेमतेम चार शब्द तपासून होत. मी शुद्ध बाजूने सुरुवात केली. दार म्हणजे दोन ए, एकच ए लावला तर तो "दर" होतो, हे शाळेतल्या पोरालाही कळेल. पहिल्या दिवशी चार. दुसऱ्या दिवशी चार. पडद्यावर "पाहुणे: शून्य" हे हलायला तयार नव्हतं, आणि सहाला पलीकडचं दार ओढल्याचा आवाज येत होता.

खरं सांगतो, मला एक सोपा रस्ता पहिल्यापासून माहीत होता. माझ्या फोनमध्ये बायकोचे मेसेज होते. ती कसं लिहायची ते त्यांत होतं. पण ते मी सोळा महिन्यांत उघडले नव्हते, आणि का उघडले नव्हते हेही मला माहीत होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी उघडले. सगळ्यात आधी अंगठे. नुसते अंगठे. मी लिहिलेलं, "उशीर होईल," त्यावर अंगठा. "औषध आणलं," अंगठा. दवाखान्यात असतानाही, "डॉक्टर काय म्हणाले?" यावर अंगठा. वर वर सरकत गेलो, दोन वर्षं मागे, तेव्हा कुठं तिचा शेवटचा शब्द सापडला. मी छापखान्यातून दोन्ही हातांत गठ्ठे घेऊन येणार होतो, तेव्हा घंटी वाजवायची गरज नाही, म्हणून तिने पाठवलेला. घाईत, सगळं जोडून. डी, ए, आर, यू, जी, एच, ए, डी, ए, एच, ई.

खाली माझं उत्तर होतं. "दारू घडा हे? कसली दारू? कुठला घडा? १) शब्द तोडून लिहावेत. २) 'दार'मध्ये दोन ए. ३) 'आहे'मध्येही दोन." तिचे मेसेज मी असे दुरुस्त करून परत पाठवायचो. मला वाटायचं गंमत चालली आहे.

त्याच्या खाली तिचा पहिला अंगठा. त्यानंतर तिने मला एकही शब्द लिहिला नाही. बोलायची भरपूर, हसायची, चिडवायची, पण लिहिलं म्हणून नाही. दोन वर्षं माझ्या ते लक्षातही आलं नाही, कारण अंगठ्यात शुद्धलेखनाची चूक नसते.

मग रूटरच्या पडद्यावर तिचा शब्द घातला, तिच्यासारखाच, एकेरी ए लावून. हात दोनदा दुसऱ्या 'ए'कडे गेला. दोन्ही वेळा मागे घेतला.

पावणेसहाला पलीकडे टिंगटाँग झालं. मी पडद्याकडे बघत होतो. पाहुणे: शून्य. चहाचा कप हातात निवला. पाहुणे: शून्य. आणि मग पाहुणे: एक.

भिंतीपलीकडून टणटण टणटण आवाज आले, साचून राहिलेले निरोप एकदम आत शिरल्याचे. पावलं दाराकडे निघाली होती ती थांबली. मग काहीच ऐकू येईना. मला वाटलं, त्या रागाने टॅब बंद करतील. मी ताट वाढून घेतलं आणि खुर्चीत बसलो. जेवायचं मनात नव्हतं, पण साडेसहाला नुसतं बसायची सवय नाही.

घड्याळाचा काटा खाली आला.

"हॅलो, ताई, ऐकू येतंय का?"

मी घास उचलला आणि तो तसाच हातात राहिला. पलीकडे पुन्हा, जरा मोठ्याने, "ताई, ऐकू येतंय का?"

"येतंय!" मी म्हणालो. हळू म्हणायचं होतं. पण आठवडाभराचं साचलेलं एकदम बाहेर पडलं, आणि भांड्यांच्या फळीवरचा चमचासुद्धा वाजला.

पलीकडून हॅलोबाईंचा आवाज आला, सावकाश, स्पष्ट, ऑपरेटरचा.

"ताई, एक मिनिट थांब हं. इथं कोणाला तरी ऐकू येतंय."

खुर्ची सरकली. त्यांचं दार उघडलं. माझ्या दारावर टकटक झाली. उठून विचारायला हवं होतं, कोण आहे, काय काम आहे. त्याऐवजी जागेवर बसूनच, आयुष्यात पहिल्यांदा, मी ओरडलो, "दार उघडं आहे!"

मूठ फिरली. दार हललं नाही. मूठ पुन्हा फिरली.

"कुठं उघडं आहे?" बाहेरून हॅलोबाई म्हणाल्या. "आतून कडी आहे की हो!"

"थांबा," मी ताट बाजूला सारून धडपडत उठलो. "चूक माझी आहे. आलो, काढतो."